पाच दिवसांची शिदोरी

हजला जाणाऱ्याच्या बॅगा दोन असतात. एक मोठी, चाकांची. तिच्यावर नाव आणि कव्हर नंबर ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. लांबून ओळखू यावी म्हणून कडीला लाल-हिरवी चिंधी बांधलेली असते. मुंबईला विमानतळावर ती सोपवली की पुढे मुक्कामाच्या इमारतीतच भेटते. दुसरी बॅग पाठीवरची. जिलहिज्जाच्या ८ तारखेला मक्केतल्या खोलीतून बाहेर पडल्यापासून १२ किंवा १३ तारखेला परत येईपर्यंत हाजीचे कपाट, फडताळ, दवाखाना आणि उशी, सगळे त्या एका बॅगेत असते. मोठ्या बॅगेची तयारी घराघरांत महिनाभर चालते. पाठीवरची मात्र बहुतेक जण आदल्या रात्री भरतात. आमच्या घरी उलटे झाले. पाठीवरची आधी भरली, मोठी नंतर. त्याला कारण माझी अम्मी.

२०२५ च्या हजला आम्ही तिघे गेलो. मी, माझे पती आणि अम्मी. अम्मी तेव्हा ६७ वर्षांची होती. १८ वर्षांपासून साखर, त्यातली शेवटची ६ वर्षे इन्सुलिनवर. अब्बांनी हजसाठी उसाच्या पैशातून दरवर्षी थोडे थोडे बाजूला काढले होते. दोनदा फॉर्म भरला, दोन्ही वेळा नंबर लागला नाही, आणि तिसरा फॉर्म भरायच्या आधीच ते अल्लाहला प्यारे झाले. हज दोघांनी मिळून ठरवलेला होता. आता अम्मी एकटी उरली होती आणि तिला तिथे चालायचे होते. मी व्हीलचेअरचे नाव काढले तेव्हा ती म्हणाली, "जिथवर पाय नेतील तिथवर पायांनी. पाय थांबले की मग तुम्ही म्हणाल तसं."

हे चालणे किती असते, याची कल्पना घरी बसून येत नाही. मक्का, मिना, मुज्दलिफा आणि अराफात ही ठिकाणे एकापुढे एक आहेत. हरम शरीफपासून अराफातचे मैदान सुमारे २० किलोमीटर. ८ तारखेला मिना, ९ ला अराफात, ती रात्र मुज्दलिफात, १० ला परत मिनात येऊन जमरात, मग तवाफ-ए-जियारतसाठी हरम, पुन्हा मिना. बसगाड्या असतात, २०१० पासून मशाइर रेल्वेही आहे. तरी लाखो माणसे एकाच वेळी एकाच दिशेला निघतात तेव्हा बऱ्याचदा पायी चालणाराच आधी पोहोचतो. आम्हांला मिनाहून अराफातला जायला बस मिळाली. बाकी बहुतेक प्रवास पायीच झाला. माझ्या पतींच्या फोनने पाच दिवसांत ५४ किलोमीटर मोजले.

फलटणला राहणाऱ्याला पायी वाटचालीचे नवल नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी आमच्या गावात मुक्कामाला असते. शेजारच्या काकू कित्येक वर्षे वारी करतात. आमचा नंबर लागल्याचे कळल्यावर त्या पेढे घेऊन आल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी सामानाचा विचारला. म्हणाल्या, "आमचं बरं असतं गं. तंबू, भांडी, वळकट्या सगळं दिंडीच्या ट्रकमध्ये. खांद्याला एक झोळी असली की झालं. तुमचा ट्रक कुठंय?" आमचा ट्रक नव्हता. मी नुकतीच आणलेली बॅग त्यांना दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "आता उभी आहेस म्हणून हलकी वाटते. चार कोस चाललीस की मग सांग."

त्या रात्री मी विचार करत बसले की बॅगेत किती असावे याला काही नियम आहे का. कुरआन शरीफमध्ये सूरह बकराच्या १९७ व्या आयतीत, जिथे हजचे आदेश आहेत तिथेच, शिदोरी बरोबर घेण्याचा हुकूम आहे आणि सर्वांत चांगली शिदोरी तक्वा असल्याचे सांगितले आहे. बयानात आपण आयतीचा दुसरा भाग पुष्कळदा ऐकतो. पहिला भाग कशासाठी आला, हे हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांच्या बुखारीतल्या रिवायतीवरून कळते. यमनचे लोक हजला रिकाम्या हातांनी यायचे. आम्ही अल्लाहवर भरवसा ठेवणारे आहोत, असे म्हणायचे. आणि मक्केत आल्यावर लोकांपुढे हात पसरायचे. म्हणजे दुसऱ्याच्या ताटावर नजर ठेवून निघणे हे तवक्कुल नाही. आपली भूक, आपली तहान, आपले औषध यांची सोय आपण करून निघायचे.

ही झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा मला हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत सापडली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साध्या पालाणावर बसून हज केला, आणि ज्या उंटिणीवर ते बसले होते तिच्यावरच त्यांचे सामानही होते. सामान वाहायला वेगळे जनावर नव्हते. बसणारा आणि त्याचे सामान मिळून एका उंटिणीला झेपेल एवढेच. आमच्याकडे उंटीण नव्हती, खांदे होते. तेव्हा ठरवले की कुणापुढे हात पसरावा लागणार नाही एवढे घ्यायचे, आणि अम्मीला धरायला एक हात मोकळा राहील एवढेच घ्यायचे. पुढचे सगळे हिशेब या दोन मर्यादांच्या आत बसवले.

डोंगर चढणारे लोक शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त ओझे पाठीवर घेऊ नये असे सांगतात. माझे वजन ५८ किलो. मी पाण्यासकट ५ किलो ही मर्यादा धरली, माझ्या पतींनी ७ किलो. अम्मीच्या पाठीवर काही द्यायचे नाही. तिच्या गळ्यात एक कापडी पिशवी, त्यात नुसुक कार्ड, तसबीह, ५ खजूर आणि मुक्कामाचा पत्ता लिहिलेला कागद. भाजीवाल्याकडून हुकाला अडकवून वजन करायचा काटा आणला, दाराच्या कडीला टांगला आणि एकेक वस्तू त्यावर लावली. शाळेतल्या मुलांना वजने-मापे शिकवताना जेवढी मजा येते तेवढी मला यातही आली. वहीवर डाव्या बाजूला वस्तू, उजव्या बाजूला ग्रॅम. एक जादा सुती सलवार-कमीज ४५० ग्रॅम. छत्री ३००. पातळ चादर ४००. घडीची प्लास्टिकची चटई ३५०. पाण्याची बाटली भरून ११००. सगळ्यांत जड वस्तू पाणीच होते आणि तेच कमी करता येत नव्हते.

पाणी आणि छत्री यांची बेरीज करताना २०२४ चा हज डोळ्यांपुढे होता. त्या वर्षी मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला होता. १,३०१ माणसांचा मृत्यू झाल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतले ८३ टक्के परवान्याशिवाय आलेले होते. त्यांना ना तंबू होता, ना गाडी. उन्हात लांबवर चालत राहिले आणि कोसळले. उन्हाशी हुज्जत घालता येत नाही, हे आमच्या दुष्काळी भागातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून दोन छत्र्या घेतल्या. इहरामात पुरुषाने डोके झाकायचे नसते, पण डोक्याला न टेकणारी छत्री चालते. पाव लिटरची फवाऱ्याची बाटली घेतली, तोंडावर आणि मानेवर पाणी मारायला. ओआरएसच्या १० पुड्या घेतल्या. सगळ्या मिळून २०० ग्रॅमच्या आसपास भरल्या.

इन्सुलिनचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. वापरात असलेले पेन सहसा ३० अंशांच्या आत चार आठवडे टिकते. मिनाच्या तंबूत थंड हवा असते, पण अराफातच्या रस्त्यावर ४० च्या वर. बर्फात ठेवावे तर ते गोठते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. डॉक्टरांनी एक कापडी पाकीट सुचवले. त्याच्या अस्तरात दाणे असतात. पाण्यात भिजवले की ते फुगतात, पाणी हळूहळू उडत राहते आणि आत गारवा राहतो. आपल्या माठाचेच तत्त्व. अम्मीला ते लगेच पटले. "म्हणजे माठच की हा, शिवलेला," असे म्हणून तिने तो स्वतः भिजवून, दुपारभर अंगणात उन्हात ठेवून आत हात घालून पाहिला. पेन दोन घेतले, एक माझ्या बॅगेत, एक पतींच्या. गर्दीत एक बॅग हरवली तरी दुसऱ्या बॅगेतले राहील. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, साखर तपासायचे यंत्र आणि सुया. विमानातही हे सगळे हातातल्या पिशवीतच ठेवायचे, कारण खाली सामानाच्या कप्प्यात फार थंडी असते.

मग पाय. साखरेच्या माणसाच्या तळव्यांना वेदना कमी कळते. खडा रुतला तरी समजत नाही, भाजले तरी समजत नाही. अम्मीसाठी एक नंबर मोठे, मऊ बूट घेतले, कारण चालून पाय सुजतात. ते बूट घालून ती पाच महिने रोज फजरनंतर कालव्याच्या कडेने चालली. पहिल्या आठवड्यात १ किलोमीटर, निघायच्या महिन्यात ६. काकूंचा सल्ला असा होता की ज्या चपलेने गावात चावले नाही तीच वाटेवर न्यायची, नवी कोरी कधीच नाही. तो आम्ही तिघांनीही पाळला. त्यांचा दुसरा सल्ला, फोड आला की सुईने दोरा ओवून ठेवायचा, हा मात्र डॉक्टरांनी अम्मीसाठी साफ नाकारला. त्याऐवजी एक छोटा हातआरसा घ्यायला सांगितला. रोज रात्री आरशात तळवे पाहायचे. ५० ग्रॅमच्या त्या आरशाने पाच दिवसांत जेवढे काम केले तेवढे बॅगेतल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूने केले नाही. सुती मोज्यांचे तीन जोड, बिनवासाचे पेट्रोलियम जेली, आणि एक साधी रबरी चप्पल जादा. इहरामात सुगंध चालत नाही, म्हणून साबणही बिनवासाचा. कुठली वस्तू चालते, कुठली नाही, हे आम्ही मशिदीतल्या मौलानांना बॅग दाखवूनच विचारून घेतले.

खाण्याच्या बाबतीत घरच्यांना समजावणे कठीण गेले. मिनात जेवण मिळते. शिदोरी लागते ती दोन जेवणांच्या मधल्या वेळेपुरती आणि रस्त्यात अडकलो तर. माझ्या मोठ्या बहिणीने डिंकाचे लाडू करून आणले, भरपूर खसखस घालून. आपल्याकडे खसखस हा साधा मसाला. सौदी अरेबियात मात्र तिला सक्त बंदी आहे आणि ती सापडली तर मोठी अडचण होते. लाडू, काळा मसाला, काहीही नेताना त्यात खसखस नाही ना, हे पाहावेच लागते. आपा थोडी नाराज झाली. दुसऱ्या दिवशी तिने भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे अर्धा किलो आणून दिले आणि म्हणाली, "हे घे, यात बंदीचं काही नाही."

एका वस्तूपाशी मात्र काटा उपयोगी पडला नाही. अब्बांनी पहिल्यांदा फॉर्म भरला त्याच वर्षी इहरामच्या दोन चादरी आणून ठेवल्या होत्या. टॉवेलच्या कापडाच्या, जाड. अम्मीने त्या लोखंडी पेटीत कडुलिंबाचा पाला घालून जपल्या होत्या. तिने त्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "या अराफातला जायला पाहिजेत." वजन केले. १ किलो ४०० ग्रॅम. माझ्या बॅगेत त्यांच्यासाठी जागा नव्हती, पतींच्याही नव्हती. मी काही बोलले नाही. माझे पती मागे उभे होते. ते म्हणाले, "अम्मी, बॅगेत कशाला? मी नेसतो ना." त्यांनी आपल्या पातळ चादरी बदलण्यासाठी म्हणून बॅगेत टाकल्या आणि अब्बांच्या चादरी ८ तारखेला अंगावर घेतल्या. जे ओझे पाठीवर बसत नव्हते ते अंगावर आले, आणि अंगावरच्या कपड्याचे कोणी वजन करत नाही. बसमधून उतरून अराफातच्या मैदानात जावई त्या चादरींत पुढे चालत होते आणि अम्मी मागून त्यांच्याकडे पाहत होती. ती त्या वेळी काय दुआ मागत होती, मी विचारले नाही.

बॅगेत शेवटी गेली ती एक वही. निघण्याआधी लोक भेटायला येतात, कहा-सुना माफ करतात, देणे-घेणे मिटवतात. अम्मी स्वतः बियाण्यांच्या दुकानात गेली आणि अब्बांच्या नावावर काही बाकी आहे का, ते वही उघडायला लावून पाहून आली. १,८०० रुपये निघाले. दुकानदार नको म्हणत होते. तिने ते मोजून दिले. मग भेटायला आलेले लोक दुआ सांगू लागले. कुणाच्या मुलीचे लग्न, कुणाचे कोर्टातले प्रकरण, कुणाच्या विहिरीला पाणी. मी सगळे वहीत लिहीत गेले. १३२ नावे झाली. शेजारच्या काकूंनी त्यांच्या सुनेचे नाव लिहायला सांगितले, सात वर्षे घरात पाळणा हलला नव्हता. माझा मुलगा म्हणाला, अम्मी, फोनमध्ये फोटो काढून ने, वही कशाला? मी वहीच नेली. ९० ग्रॅम भरली. फोनची बॅटरी संपते. माणसांनी विश्वासाने सोपवलेली अमानत बॅटरीवर सोडावी असे मला वाटले नाही.

निघताना माझ्या बॅगेचे वजन ४ किलो ७०० ग्रॅम होते.

९ तारखेला अराफातमध्ये सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत तंबूबाहेर पडू नका, अशी सूचना सौदी प्रशासनाने दिली होती. ती आम्ही पाळली. दुपार उतरल्यावर तंबूच्या सावलीच्या कडेला उभे राहून मी वही उघडली. १३२ नावे एकेक करून घ्यायला पाऊण तास लागला. अम्मीला वाचता येत नाही. मी नाव वाचायचे, ती आमीन म्हणायची. आमीन म्हणून झाले की कधी कधी ती स्वतःहून दोन शब्द जोडायची, कारण माणूस तिच्या ओळखीचे असायचे. कोणाची विहीर, कोणाचे कर्ज, तिला सगळे ठाऊक होते.

सूर्य मावळल्यावर मुज्दलिफाकडे निघालो. सुमारे ९ किलोमीटर. पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा, रुंद, दिव्यांच्या उजेडातला रस्ता आहे. याच वाटेवर प्रेषितांनी (स.) लोकांना घाई न करता शांतपणे चालण्यास सांगितले होते, हे अम्मीला सकाळीच सांगून ठेवले होते. अर्ध्या वाटेवर ती अचानक थांबली. बोलणे अडखळले, कपाळाला घाम. मी हात लावला तर हात गार. साखर उतरली होती. यासाठी आम्ही घरी सराव केला होता. तिच्या गळ्यातल्या पिशवीतून खजूर, माझ्या बॅगेच्या सगळ्यांत बाहेरच्या कप्प्यातून ग्लुकोज. चेन उघडून पुडी तिच्या तोंडात जाईपर्यंत मिनीटही गेले नसेल. पतींनी चटई पसरली, तिला बसवले, आम्ही दोघांनी छत्र्या उघडून बाजूंना धरल्या, म्हणजे चालणाऱ्यांना कडेला बसलेले माणूस दिसेल. १५ मिनिटांनी तपासले तर आकडा वर आला होता. तिने आजूबाजूला पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "वही आहे ना?"

बाहेरच्या कप्प्यात काय ठेवायचे, हे वजनाहूनही महत्त्वाचे असते. आमचा नियम सोपा होता. जी वस्तू एका मिनिटात लागू शकते ती बाहेर, जी एका तासात लागेल ती वर, जी रात्री लागेल ती तळाशी. बॅग दर मुक्कामाला पुन्हा त्याच क्रमाने भरायची. अंधारात, दिव्याशिवाय हात घातला तरी वस्तू सापडली पाहिजे.

मुज्दलिफात मगरिब आणि इशा एकत्र पढून आम्ही उघड्यावर आडवे झालो. डोक्याखाली बॅग. अशक्त माणसांना रात्रीच तिथून पुढे जाण्याची सवलत प्रेषितांनी (स.) आपल्या घरच्यांना दिली होती. ती आम्हांला ठाऊक होती आणि अम्मीची साखर पुन्हा उतरली तर निघायचे, असे ठरवले होते. तशी वेळ आली नाही. झोपण्याआधी मोबाईलच्या उजेडात खडे वेचले, हरभऱ्याएवढे. पहिल्या दिवसाचे ७, पुढच्या दोन दिवसांचे २१ आणि २१, माणशी ४९. तिघांचे १४७ आणि थोडे वर. बॅगेत हे ओझे मात्र घरून आणलेले नव्हते.

फजरनंतर मिनाकडे निघालो तेव्हा आमच्या पुढे एक वयस्क बाई चालत होत्या. कुठल्या देशाच्या, कळले नाही. एका चपलेचा पट्टा तुटलेला, एक पाय अनवाणी, आणि ऊन चढू लागले होते. माझ्या बॅगेच्या तळाशी जादा रबरी चप्पल होती. मी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना ती थोडी मोठी झाली. त्या त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या, मग छातीवर हात ठेवून स्वतःचे नाव सांगितले आणि आभाळाकडे बोट केले. अम्मीने मला म्हटले, "लिही." मी रस्त्याच्या कडेला थांबून ऐकू आले तसे ते नाव वहीत लिहिले. १३३ वे.

जमरातनंतर अम्मीचे पाय सुजले. तळव्यांवर फोड नव्हता, आरसा रोज पाहत होतो, पण पाय थांबले होते. तिने स्वतःच सांगितले, आता खुर्ची आणा. तवाफ-ए-जियारत आणि सई तिने व्हीलचेअरवर केली. ११ आणि १२ तारखेला तिच्या वतीने कंकऱ्या आम्ही मारल्या. तिचा शब्द तिने पाळला, आम्ही आमचा.

१२ तारखेला सूर्यास्ताच्या आत मिना सोडली. खोलीवर परतल्यावर सवयीने बॅग हाताने तोलून पाहिली. फुटाणे संपले होते, खडे संपले होते, चप्पल गेली होती, पाणी प्यालो होतो. वही मात्र तशीच. अब्बांच्या चादरी अम्मीने स्वतः धुऊन, वाळवून घडी घातल्या. आता त्या पुन्हा पेटीत आहेत. कशासाठी ठेवल्या आहेत, हे तिने आम्हां दोघांना एकदाच सांगितले आहे.

वाचक बहीण-भावांनो, पुढच्या वर्षी ज्यांचा नंबर लागेल त्यांनी मोठी बॅग सावकाश भरावी. पाठीवरची आजच भरून पाहावी. पाण्यासकट तोलावी, बरोबर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे औषध दोन ठिकाणी वाटून ठेवावे, आणि ती बॅग घेऊन फजरनंतर गावाबाहेर एक तास चालून यावे. परत आल्यावर जी वस्तू जड वाटेल तिला विचारावे की तू कुणाच्या उपयोगाची आहेस. उत्तर मिळाले तर ठेवावी. आणि वहीत मागची काही पाने कोरी सोडावीत. वाटेत भेटणाऱ्यांची नावेही त्या मैदानाची हक्कदार असतात. अल्लाह तआला ज्यांच्या मनात ही वाट आहे त्यांना तिथवर नेवो, आणि जे अर्ध्यातच राहून गेले त्यांची नियत कबूल करो. आमीन.